अर्धा अंश वजा करून

माणूस जातो, पण त्याची ऊब मागे राहते. हे वाक्य मी गेल्या महिन्यात, सुधाकर गजभिये यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, भरलेल्या हॉलसमोर म्हटलं. लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि वाक्य संपायच्या आतच मला कळून चुकलं की समोर गजभिये बसलेले असते, तर त्यांनी शांतपणे विचारलं असतं, "किती वेळ राहते, लिमये? आणि खोलीचं तापमान किती धरलंय?" मी खाली बसलो. माझ्या आधी कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष बोलले होते. गजभिये साहेबांनी आयुष्यभर समाजाचं तापमान मोजलं, असं ते म्हणाले. वास्तविक गजभियेंनी आयुष्यभर थर्मामीटर तपासले. दूध डेअरीचे, औषध कंपन्यांचे, दवाखान्यांचे, एका बेकरीचेसुद्धा. समाजाचा थर्मामीटर तपासायला कुणी आणून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बातमी प्रज्ञाच्या फोननं आली. प्रज्ञा म्हणजे त्यांची मुलगी, खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. शेवटची दोन वर्षं गजभिये तिच्याकडेच, खराडीतल्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहत होते. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच," एवढंच म्हणाली. एप्रिल महिना. मी आणि शैला, म्हणजे माझी बायको, रिक्षानं पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. मेणबत्त्या लावलेल्या असल्यामुळे पंखा बंद होता आणि सगळे घामानं निथळत होते. शेजारच्या एक आजी हळूच म्हणाल्या, "पंखा लावा गं जरा, त्यांना गरम होत असेल." कुणी हसलं नाही. मी पुढे होऊन गजभियेंचा हात हातात घेतला. वाचलेल्या सगळ्या कथा-कादंबऱ्यांनी माझी तयारी करून ठेवली होती की हात थंडगार असणार. तो नव्हता. खोलीत असेल चौतीस-पस्तीस, आणि हातही तेवढाच... म्हणजे जवळजवळ माझ्या हाताइतकाच. मी गोंधळून हात तसाच धरून राहिलो. लोकांना वाटलं मित्राचा कंठ दाटून आलाय. मला खरं म्हणजे काही कळत नव्हतं. आणि न कळणं ही आमच्या मैत्रीतली नवी गोष्ट नव्हती, ती मैत्रीच त्यावर उभी होती.

आमची ओळख न कळण्यातूनच झाली. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. गजभिये नागपूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेले, पिंपरीतल्या एका कारखान्यात उपकरणं सांभाळायचे. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या डोक्यावर, दीड खोलीत थर्मामीटर तपासून प्रमाणपत्र द्यायचा स्वतःचा उद्योग सुरू केला. त्या प्रमाणपत्राचा मजकूर छापायला ते आमच्याकडे आले. मी चुका काढून कागद परत दिला. तो त्यांनी बघितला आणि विचारलं, "तुम्ही वाचलंत हे. समजलं का?" मुद्रितशोधकाला असा प्रश्न कुणी विचारत नाही. समजून घ्यायला लागलं तर मुद्रितशोधकाच्या हातून दिवसाला चार पानंही व्हायची नाहीत. मी चेहरा न हलवता म्हणालो, "समजलं." तिथून पुढे तीस-बत्तीस वर्षं मी त्यांना हेच उत्तर देत आलो.

एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना अरे-तुरे केलं नाही. मी त्यांना गजभिये म्हणायचो, ते मला लिमये. भाषा त्यांची अगदी पुण्याच्या वळणाची झाली होती. फक्त चिडले की "का" जाऊन "काहून" यायचं. पुण्याविषयी त्यांचं एक निरीक्षण होतं. समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळे इथं हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. "हे मला इथं आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कळलं," ते म्हणायचे, "पुढे पुणेकर भेटले तेव्हा नवल वाटलं नाही."

घरी आले की पहिली पाच मिनिटं ते एक अक्षर बोलत नसत. खुर्चीत बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि गप्प. पहिल्या खेपेला शैलानं मला आत बोलावून विचारलं, "यांना कशाचा राग आलाय का?" राग नव्हता, ती कामाची सवय होती. थर्मामीटर कशातही बुडवला की लगेच वाचायचा नाही, बसू द्यायचा. कारण, हे त्यांचं आवडतं वाक्य, थर्मामीटर जगाचं तापमान सांगतच नाही, तो फक्त स्वतःचं सांगतो. त्याला शेजाऱ्याजवळ धरून ठेवायचं, शेजाऱ्याच्या कणांचे धक्के याच्या कणांना बसू द्यायचे, दोघांचं एकमत झालं की मग आकडा वाचायचा. "घाई केली की तो मागच्याच घरचं सांगतो," ते म्हणायचे. शैला पुढे पुढे चहा पाच मिनिटं उशिरानेच टाकायला लागली. एरवी आमच्याकडे येणारे लोक दारातूनच बोलत येतात आणि मागच्याच घरचं सांगतात, हे तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलं.

कणांचे धक्के हा त्यांच्या सगळ्या बोलण्याचा पाया. गरम म्हणजे काय, तर आतले कण जोरात धडपडतायत. गार म्हणजे कमी धडपडतायत. बस, एवढंच, असं ते म्हणायचे, आणि मला तिथूनच संशय यायचा. ज्याला लोक "बस, एवढंच" म्हणतात ते एवढंच कधी नसतं. मी विचारलं, "ही माझ्या खोलीतली हवा किती वेगानं धडपडते?" ते म्हणाले, "एकेक कण सेकंदाला साधारण अर्धा किलोमीटर." मी म्हटलं, "मग आतापर्यंत तो डेक्कनला पोचायला हवा." "वाटेत ओळखीचे भेटतात ना," गजभिये म्हणाले. "पावलापावलाला टक्कर, दर टकरीला दिशा बदलते. पुण्यात कोण वेळेवर पोचतं, लिमये?"

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यानं पुढे आमची कित्येक वर्षं खाल्ली. हलणं म्हणजे गरम असणं, तर पंखा लावल्यावर हवा जास्त हलते. मग खोली तापायला हवी. गार का वाटतं?

गजभिये खूश झाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही. पुढच्या रविवारी ते मला सकाळी मंडईत घेऊन गेले आणि पायऱ्यांवर उभं केलं. खाली गर्दी. कुणी मेथीकडे, कुणी लिंबांकडे, कुणाचा कुणाला पत्ता नाही, पिशव्या एकमेकांच्या गुडघ्यांवर आपटतायत. "हे तापमान," ते म्हणाले. "आता हीच सगळी माणसं एका दिशेनं चालायला लागली तर?"

"मिरवणूक."

"तर पंख्याचा वारा म्हणजे मिरवणूक. तिचा वेग तापमानात मोजत नाहीत."

"पण मिरवणुकीतही धक्काबुक्की असते."

"असते ना! तेवढीच मोजायची. मिरवणूक वजा करायची. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो, आणि आम्ही लिंबं घेऊन घरी आलो. संध्याकाळी पंख्याखाली बसलो तर मला गारच वाटत होतं. मी फोन केला. "मला वाटतं त्याचं काय?" पलीकडून उत्तर आलं, "तुम्हाला वाटतं. थर्मामीटरला विचारा. त्याला घाम येत नाही."

दुसऱ्या दिवशी ते थर्मामीटर घेऊनच आले. लाकडी पट्टीवर बसवलेला, पाऱ्याचा, जुना. माझ्या टेबलाच्या वर, बरोबर पंख्याच्या वाऱ्यात त्यांनी स्वतः खिळा ठोकून तो टांगला. "हा नापास आहे," ते म्हणाले. "नेहमी अर्धा अंश जास्त दाखवतो. बर्फात ठेवा, अर्धा. उकळत्या पाण्यात ठेवा, अर्धा." मी म्हटलं, मित्राला नापास माल देताय. त्यावर ते खुर्चीत नीट सावरून बसले. "चूक असणं वाईट नाही, लिमये. चूक स्थिर असली की काम भागतं. वाचायचं आणि अर्धा वजा करायचा. कधी वर, कधी खाली दाखवणारा थर्मामीटर घरात ठेवू नये. माणूससुद्धा." तो थर्मामीटर तेव्हापासून माझ्या खोलीत आहे. गजभियेंचा निम्मा धंदा ज्या दिवशी डिजिटल यंत्रांनी नेला त्या दिवशीही तो तिथंच होता आणि अर्धा अंश जास्तच दाखवत होता.

नोकरीधंदा आटोपल्यावर गजभियेंनी पुस्तक लिहायला घेतलं. छोटंसं, साध्या माणसासाठी, तापमान म्हणजे काय एवढ्यावरच. साधा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. प्रकरण लिहून झालं की ते कागद आणून द्यायचे, पाच मिनिटं गप्प बसायचे, आठवड्यानं परत यायचे आणि विचारायचे, "समजलं?" पहिलं प्रकरण तापावर होतं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : अंगात तीन अंश ताप चढतो तेव्हा माणूस फणफणतो, पण त्याच्या शरीरातल्या कणांच्या वेगात शेकडा अर्ध्याचाच फरक पडलेला असतो. दुसरं बर्फावर. तिसरं पंख्यावर. पहिल्या दोन्हींत मी थोडीफार विरामचिन्हं सुधारली. तिसऱ्याला "समजलं" म्हणालो आणि महिन्याभरानं गजभिये तिसरं प्रकरण परत नव्यानं लिहून घेऊन आले. "जरा सुधारलंय, बघा." मी बघितलं. "समजलं." पुन्हा दोन महिन्यांनी तिसरं प्रकरण. मला वाटलं वयानं त्यांना विस्मरण व्हायला लागलंय, आणि मित्राच्या विस्मरणावर बोट ठेवू नये म्हणून मी दर वेळी पहिल्यांदाच वाचतोय असा चेहरा करायचो. खरी गोष्ट अशी की मला ती सगळी वाक्यं पाठ झाली होती. कुणीही विचारलं तर मंडई, मिरवणूक, घाम, सगळं धडाधड सांगितलं असतं. पण पंखा लावला की मला आतून वाटायचं, हवा हलतेय, म्हणून गार होतेय. पाठ झालेलं वाक्य एकीकडे आणि मी एकीकडे. आमच्यात एकमत काही होत नव्हतं.

शेवटची भेट फेब्रुवारीतली, खराडीची. गजभिये बारीक झाले होते. या वेळी मीही मुद्दाम पाच मिनिटं गप्प बसलो. मग ते म्हणाले, "तिसरं प्रकरण परत लिहिलंय." मला हसू आलं आणि का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "गजभिये, थांबा जरा... मला विचार करू द्या." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. निघताना लिफ्टपर्यंत आले, आणि लिफ्टचं दार बंद होता होता म्हणाले, "घाई नाही."

कार्यक्रमानंतर आठवड्यानं प्रज्ञा आमच्याकडे आली. हातात फाईल. वर गजभियेंच्या अक्षरात एकच ओळ होती : लिमयेंना विचारून छापणे. "काका, मी छापायला तयार आहे," ती म्हणाली. "पण बाबा मला स्पष्ट सांगून गेलेत. लिमये हे माझे वाचक, त्यांना समजलं असेल तर बाकीच्यांना समजेल. नसेल तर उगाच कागद फुकट घालवू नकोस. तुम्हाला तर सगळं समजलंय ना? बाबा म्हणायचे की तुम्ही नेहमी समजलं म्हणता."

आता एक शब्द म्हटला की पुस्तक छापलं जाणार होतं. तो शब्द मी तीस वर्षं फुकट वाटला होता. शैला दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. एकाच घरात इतकी वर्षं काढल्यावर तिला माझ्या चेहऱ्यावरचं "समजलं" ओळखता येतं. मी म्हणालो, "फाईल ठेवून जा. दोन दिवसांत सांगतो."

फाईलमध्ये पहिलं प्रकरण एकदा होतं. दुसरं एकदा. तिसरं नऊ वेळा. प्रत्येक खर्ड्याच्या शेवटी, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात एक नोंद होती. प्रयोगाच्या वहीत निरीक्षण लिहितात तशी. पहिलीत लिहिलं होतं : "लि. 'समजलं' म्हणाले. समजलेलं नाही. पुन्हा लिहिणे." दुसरीतही तसंच. तिसरीपासून मजकूर आटोपशीर झाला : "लि. : 'समजलं.' स्थिर चूक. वजा करावी. पुन्हा." पुढे पुढे नुसतंच "वजा करून : नाही. पुन्हा." माझ्या विसराळू मित्राला मी किती वेळा काय म्हणालो ते सगळं आठवत होतं, आणि दर वेळी तो मुकाट्यानं घरी जाऊन मी खरं बोललो असतो तर जे केलं असतं तेच करत होता. नवव्या खर्ड्याखाली फेब्रुवारीतली नोंद होती : "या वेळी 'समजलं' म्हणाले नाहीत. 'थांबा' म्हणाले. बसू द्यावं."

मी कागद खाली ठेवले. चष्मा पुसला. तो थोडा वेळ पुसावाच लागला.

मला जे कळत नव्हतं ते पंख्यापुरतं राहिलं नव्हतं, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. त्यांच्याच पहिल्या प्रकरणाप्रमाणे हिशेब केला तर मी धरला होता तो हात जिवंतपणीच्या शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी उतरला असेल. म्हणजे कणांच्या वेगात फरक फार तर शेकडा अर्धा. तापात चढतो तेवढाच, उलट्या बाजूनं. बाकी सगळे कण होते तसेच धडपडत होते, माझ्या हातातल्यांच्या बरोबरीनं. मग थांबलं काय? खोलीभर माणसं जमली, प्रज्ञा भिंतीला टेकून बसली होती, ते सगळं या अर्ध्या टक्क्यासाठी नव्हतं. हे विचारायला मला एकच माणूस ठाऊक होता. त्यानं "आधी काहून नाही विचारलं? हे तर चौथं प्रकरण झालं," असं म्हटलं असतं आणि घरी जाऊन लिहायला बसला असता.

दोन दिवसांनी मी प्रज्ञाला फोन केला. "प्रज्ञा, मला तिसरं प्रकरण समजलेलं नाही. कधीच समजलं नव्हतं. तुझ्या बाबांना मी खोटं सांगत होतो."

ती म्हणाली, "म्हणजे छापायचं नाही?"

"ते तुला ठरवायचंय. मी फक्त खरं सांगतोय. उशीर झालाय, पण सांगतोय."

मग, आवाज तिचा पण विचारायची तऱ्हा गजभियेंची, "काका, नक्की कुठं अडलं?"

"पंखा लावल्यावर खोली गार होत नाही, इथं."

"मग आधी ते बघा," प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही कधी बघितलंच नाही ना? नुसतं वाचलंत. कुठं अडलं ते मला लिहून द्या. त्याशिवाय मी छापायला देणार नाही हे पुस्तक." फोन ठेवताना ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. आकडा लगेच वाचू नये.

तिचं खरं होतं. थर्मामीटर इतकी वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेला, आणि पंखा चालू असताना आणि बंद असताना, असा नीट दोनदा मी तो कधी वाचला नव्हता. समजलंय म्हटल्यावर कोण कशाला बघेल? काल दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दार लोटलं. पंखा बंद ठेवून आधी तासभर बसलो. शैलानं डोकावून विचारलं, "या उकाड्यात काय चाललंय?" मी म्हटलं, "गजभिये काय म्हणत होते ते बघतोय." तिनं दार पुन्हा लोटलं आणि बाहेरूनच म्हणाली, "मग चहा उशिरा टाकते." घाम गळत होता. पारा साडेचौतीसवर होता, म्हणजे चौतीस. मग पंखा पूर्ण वेगात सोडला आणि समोरच्या खुर्चीकडे बघत बसलो. त्या खुर्चीत ते गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. मला हळूहळू गार वाटायला लागलं, अगदी बरं वाटायला लागलं. नेहमीची पाच मिनिटं झाली, तरी मी उठलो नाही, आणखी एक तास बसू दिलं. मग चष्मा लावून, उभा राहून, डोळ्यांच्या रेषेत धरून वाचलं.

पारा जेमतेम पाव अंश वर गेला होता. पंख्याची मोटर तापते.